सहा टेराबाइटचा डेटाबेस, पन्नास एमबीपीएसची लाइन: आधी कोणता आकडा मोजावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा तुमचा कारखाना आहे. तिथल्या सर्व्हरवर उबंटू १८.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि पोस्टग्रेस १२ या डेटाबेस सॉफ्टवेअरवर सुमारे ६ टेराबाइटचा डेटाबेस चालतो. व्यवस्थापनाला तो ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातील आरडीएस या क्लाउड डेटाबेस सेवेवर न्यायचा आहे. हाताशी ५० एमबीपीएसची एकच लीज्ड लाइन आहे आणि कारखाना तीन पाळ्यांत चालत असल्यामुळे काम सलग सहा तासांपेक्षा जास्त बंद ठेवता येत नाही. एवढा डेटा एवढ्याशा लाइनवरून कसा जाणार, की सरळ डिस्कवर भरून पाठवावा, असे तुम्ही विचारले आहे.

पुणे परिसरातील कारखान्यांचे डेटाबेस हलवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच येतो. माझे मत असे की यात दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. आज साठलेला डेटा एकदाच पलीकडे न्यायचा आहे. त्याला पाच दिवस लागोत की पंधरा, कारखाना त्यासाठी अडत नाही. पण तो जात असताना आणि त्यानंतर प्रत्यक्ष स्थलांतर होईपर्यंत रोज जे बदल होत राहतात, ते त्याच लाइनवरून न तुंबता जायला हवेत. ते जात नसतील, तर साठा कोणत्याही मार्गाने पोहोचवला तरी नवा डेटाबेस जुन्याला कधीच गाठू शकणार नाही. म्हणून ६ टेराबाइट या आकड्याची चिंता बाजूला ठेवा आणि तासाला किती बदल होतात हे आधी मोजा.

लाइनचा हिशेब सोपा आहे. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ६.२५ मेगाबाइट, तासाला साडेबावीस गिगाबाइट आणि दिवसाला ५४० गिगाबाइट, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. ती मोकळी नसते, म्हणून स्थलांतरासाठी ३० एमबीपीएस धरा. म्हणजे तासाला साडेतेरा आणि दिवसाला ३२४ गिगाबाइट. या वेगाने ६ टेराबाइट जायला साडेअठरा दिवस लागतील. हा आकडा पाहूनच बहुतेक जण डिस्कचा विचार करू लागतात. पण एवढे सगळे मुळात न्यायचेच नसते.

पोस्टग्रेसने दाखवलेल्या आकारात इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूची) धरलेले असतात. पीजी_डम्प या प्रत काढण्याच्या साधनाने काढलेल्या प्रतीत इंडेक्सची फक्त व्याख्या जाते आणि तो पलीकडे नव्याने बांधला जातो. अनेक वर्षे चाललेल्या डेटाबेसमध्ये, विशेषतः जिथे अपडेट जास्त होतात तिथे, टेबलांमध्ये मृत जागाही (बदललेल्या किंवा पुसलेल्या जुन्या ओळींनी अडवलेली) बरीच साठलेली असते. तीही प्रतीत येत नाही. उरतो तो खरा डेटा, आणि तो दाबून (कॉम्प्रेस करून) किती लहान होईल हे त्याच्या स्वरूपावर ठरते. मशीनवरील सेन्सरची मापे, उत्पादनाच्या नोंदी, चलने असा आकड्यांचा आणि पुनरावृत्तीचा मजकूर उत्तम दाबला जातो. गुणवत्ता तपासणीची प्रमाणपत्रे पीडीएफ किंवा फोटोच्या रूपात टेबलातच ठेवली असतील तर ती जवळजवळ दाबली जात नाहीत, कारण ती आधीच संकुचित असतात. उदाहरणादाखल समजा की तुमच्या ६ टेराबाइटपैकी दीड टेराबाइट इंडेक्स आहेत आणि अर्धा टेराबाइट मृत जागा आहे. उरलेल्या ४ पैकी ०.८ टेराबाइट पीडीएफ आहेत आणि बाकीचे ३.२ टेराबाइट चौपट दाबले जाते. म्हणजे लाइनवरून १.६ टेराबाइट जाईल आणि त्याला सुमारे पाच दिवस पुरतील. तुमचे प्रमाण वेगळे असेल. पण टेबल आणि इंडेक्स यांचे आकार वेगळे काढणे आणि दोन-तीन मोठ्या टेबलांचा नमुना दाबून पाहणे हे एका दुपारचे काम आहे, आणि ते केल्याशिवाय खरेदीचा कोणताही प्रस्ताव वर पाठवू नका.

आता बदलांकडे येतो. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी आपल्या वॉल नावाच्या नोंदवहीत लिहितो, आणि या नोंदवहीतले सध्याचे स्थान एका साध्या फंक्शनने कळते. ते दर पंधरा मिनिटांनी एका टेबलात नोंदवा आणि दोन स्थानांमधला फरक काढत राहा. हे किमान एक आठवडा करा आणि त्यात महिनाअखेर आलीच पाहिजे, कारण खरा कस तेव्हाच लागतो. समजा, एरवी तासाला ३ गिगाबाइट वॉल तयार होते आणि महिनाअखेरीच्या हिशेबात तीन तास प्रत्येकी २० गिगाबाइट. त्या तीन तासांत ६० गिगाबाइट तयार झाले, लाइनवरून साडेचाळीस गेले आणि साडेएकोणीस तुंबले. पुढे भार उतरल्यावर दोन तासांच्या आत तेही निघून जाते. असा तात्पुरता तुंबारा चालतो. दिवसाची सरासरीच लाइनपेक्षा जास्त असेल तर मात्र चालत नाही. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे ओळींतले बदल सतत पलीकडे पाठवण्याच्या पद्धतीत, इंडेक्सचे बदल आणि पूर्ण पानांच्या प्रती जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह साधारणपणे वॉलपेक्षा कमी असतो. पण नियोजन वॉलच्या आकड्यावरच करावे.

हा आकडा मोठा आला तर लाइन वाढवण्याआधी तो का मोठा आहे हे शोधा. भोसरीतील एका कंपनीत रात्रीच्या वेळी वॉलचा प्रचंड लोंढा दिसत होता. कारण असे निघाले की साठ्याचा गोषवारा देणारे एक टेबल रोज रात्री पूर्ण रिकामे करून पुन्हा भरले जात होते. त्यातल्या बहुतेक ओळी कालच्याच असत, तरीही त्या सगळ्या बदल म्हणून नोंदल्या जात. तो गोषवारा मटेरियलाइज्ड व्ह्यूमध्ये, म्हणजे क्वेरीचा निकाल साठवून ठेवणाऱ्या रचनेत, घातला. असा व्ह्यू रेप्लिकेशनमधून जातच नाही, तो पलीकडे स्वतंत्रपणे ताजा करता येतो. लाइनवरून जाणारा रात्रीचा लोंढा थांबला आणि लाइन आहे तीच पुरली. तुमच्याकडेही रात्रीच्या कामांची यादी काढून प्रत्येक काम नेमके किती ओळी लिहिते हे तपासा.

डिस्क पाठवण्याबद्दल. क्लाउड कंपन्यांची यासाठी स्वतःची उपकरणे असतात, पण त्यांची उपलब्धता बदलत राहते (ॲमेझॉनने स्नोकोन हे छोटे उपकरण २०२४ मध्ये बंद केले), त्यामुळे आधी चौकशी करावी लागते. उपकरण मागवणे, येणे, भरणे, परत जाणे आणि तिकडे उतरवणे या सगळ्यात जो वेळ जातो, त्याच्या तुलनेत दीड-दोन टेराबाइटला लाइनचे पाच दिवस कधीही परवडतात. वीस-तीस टेराबाइट न दाबता येणारा डेटा असेल तर उपकरणाचा विचार जरूर करावा. तुमच्या आकाराला मी त्याआधी दोन गोष्टी सुचवेन. पहिली, सेवा पुरवठादाराला एक महिन्यासाठी २०० एमबीपीएस देता येतील का ते विचारा. फायबर आधीच आलेली असेल आणि तुमच्याकडचे उपकरण तेवढ्या क्षमतेचे असेल, तर हा बदल त्यांच्या बाजूने केवळ सेटिंगमध्ये होतो. दुसरी, बाणेर किंवा हिंजवडीला कंपनीचे मुख्य कार्यालय असेल आणि तिथे १ जीबीपीएसची जोडणी असेल, तर एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर प्रत घेऊन जबाबदार माणसाबरोबर ती तिकडे न्या आणि तिथून वर चढवा. १ जीबीपीएस म्हणजे तासाला ४५० गिगाबाइट, म्हणजे १.६ टेराबाइट एका रात्रीत सहज जाते. डिस्कची किल्ली त्या माणसाकडे नव्हे तर वेगळी ठेवा; त्या डेटाबेसमध्ये कामगारांचे पगार आणि ग्राहकांचे दर असतील हे विसरू नका.

प्रत काढण्याची पद्धत इथे फार महत्त्वाची आहे, कारण नेहमीची सोपी वाट मंद लाइनवर घात करते. पोस्टग्रेसच्या सबस्क्रिप्शनला (बदल ओढून घेणाऱ्या नव्या बाजूच्या जोडणीला) सुरुवातीची प्रत स्वतःच घ्यायला सांगितली, तर तो टेबले न दाबता लाइनवरून ओढतो, आणि मध्येच जोडणी तुटली की त्या टेबलाची प्रत पहिल्या ओळीपासून सुरू होते. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटणे आपल्याकडे नवे नाही. ८०० गिगाबाइटचे टेबल असे कधीच पूर्ण होणार नाही. पीजी_डम्प थेट लाइनवरून चालवणेही तितकेच वाईट. तो चालू असेपर्यंत एक जुना स्नॅपशॉट (त्या क्षणीचे डेटाचे चित्र) धरून ठेवतो, त्यामुळे त्यानंतर मृत झालेल्या ओळी व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईच्या प्रक्रियेला) कोणत्याही टेबलातून काढता येत नाहीत, आणि पाच दिवस हे चालले तर चालू डेटाबेस फुगतो व मंदावतो. म्हणून प्रत आधी कारखान्यातच, स्थानिक नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर काढायची. ते काम काही तासांत उरकते आणि स्नॅपशॉट मोकळा होतो. मग त्या फाइली सावकाश पाठवायच्या.

त्या दुसऱ्या मशीनवर पोस्टग्रेस १६ ची साधने ठेवा. नव्या आवृत्तीचा पीजी_डम्प जुन्या सर्व्हरवरून प्रत काढू शकतो आणि १६ पासून त्याला झेडस्टँडर्ड या पद्धतीने प्रत दाबता येते. लाइन सेकंदाला सहा मेगाबाइटच नेणार असेल तर दाबण्याची पातळी वरची ठेवायला हरकत नाही. प्रोसेसर जास्त राबला तरी वेळ लाइनवरच वाचणार आहे. डिरेक्टरी स्वरूपात प्रत काढली की प्रत्येक टेबलाची वेगळी फाइल मिळते. मोठ्या फाइलींचे एक-एक गिगाबाइटचे तुकडे करा, प्रत्येकाचा चेकसम (फाइल शाबूत पोहोचली का ते तपासणारा आकडा) काढून ठेवा, आणि तुटले तिथूनच पुढे चालू होणाऱ्या साधनाने ते ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडवरच्या फाइलींच्या साठ्यात) चढवा. अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यातुकड्यांनी चढवलेले) अपलोड मागे उरतात आणि त्यांच्या जागेचे पैसे लागत राहतात, म्हणून ते आपोआप पुसण्याचा नियम पहिल्याच दिवशी लावा. मुंबईपर्यंतचा विलंब काही मिलिसेकंदांचाच असल्याने चार समांतर प्रवाह लाइन भरायला पुरेसे होतात.

शक्य असेल तर हे दोन टप्प्यांत करा. सेन्सरच्या किंवा उत्पादनाच्या नोंदी महिन्यानुसार पार्टिशनमध्ये (एकाच टेबलाच्या वेगवेगळ्या भागांत) असतील, तर मागच्या वर्षांची पार्टिशन आता बदलत नाहीत. त्यांवरचा लिहिण्याचा अधिकार काढून घ्या आणि ती कोणतीही घाई न करता रात्री-रात्री पुढे पाठवा. मग चालू डेटा थोडाच उरतो. त्यासाठी मूळ सर्व्हरवर वॉलची पातळी लॉजिकल करावी लागेल, ज्याला एकदा रीस्टार्ट लागतो; तुमच्याकडे या औद्योगिक पट्ट्यातल्या इतर अनेक कारखान्यांप्रमाणे गुरुवारची सुट्टी असेल तर तो दिवस यासाठी ठेवा. त्यानंतर रेप्लिकेशन स्लॉट (बदल कुठपर्यंत पोहोचले हे लक्षात ठेवणारी खूण) तयार करा, तो तयार होताना मिळणारा स्नॅपशॉट पीजी_डम्पला द्या, आणि डम्पने तो हाती घेईपर्यंत स्लॉट तयार करणारे कनेक्शन बंद करू नका. त्यामुळे प्रत आणि बदलांचा प्रवाह यांचा सांधा नेमका जुळतो. एकही ओळ सुटत नाही आणि दोनदा येत नाही. प्रत तिकडे उतरवून इंडेक्स बांधून झाले की सबस्क्रिप्शन त्या तयार स्लॉटला, सुरुवातीची प्रत न घेण्याच्या सूचनेसह जोडायचे. ही जोडणी क्लाउडकडून कारखान्याकडे येते, उलट दिशेने नाही, त्यामुळे व्हीपीएन आणि फायरवॉलची परवानगी आधीच मिळवून ठेवा.

स्लॉटचा एक धोका नीट समजून घ्या. पलीकडे बदल पोहोचेपर्यंत मूळ सर्व्हर आपले वॉल पुसत नाही. पाठवणे, उतरवणे आणि इंडेक्स बांधणे यात आठ दिवस गेले आणि दिवसाला ७० गिगाबाइट वॉल होत असेल, तर ५६० गिगाबाइट तिथेच साठणार. आवृत्ती १३ पासून या साठ्यावर कमाल मर्यादा घालता येते. तुमच्या १२ मध्ये ती सोयच नाही. डिस्क भरली तर डेटाबेस थांबेल आणि त्याबरोबर प्लँटही. म्हणून अपेक्षेच्या किमान दुप्पट मोकळी जागा ठेवा, सूचना देणारी देखरेख लावा, आणि जागा अमुक पातळीखाली गेली तर स्लॉट काढून टाकून पुन्हा सुरुवात करायची, हा निर्णय आधीच लेखी ठरवा. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या मुलाला तो स्वतः घ्यायला लागू नये.

आवृत्ती १२ च्या आणखी काही अटी आहेत. मूळ पार्टिशन केलेले टेबल प्रकाशनात (बदल पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घालता येत नाही, प्रत्येक पार्टिशन वेगळे घालावे लागते, आणि पुढच्या महिन्याचे नवे पार्टिशन तयार झाले की तेही दोन्हीकडे जोडावे लागते. प्रायमरी की (प्रत्येक ओळ ओळखणारा स्तंभ) नसलेल्या टेबलांची ओळख ठरवून द्यावी लागते, नाहीतर प्रकाशनात आल्यावर त्यांवरचे अपडेट आणि डिलीट मूळ सर्व्हरवरच चुकू लागतात. सीक्वेन्स (आपोआप वाढणारे क्रमांक) आणि टेबलांच्या रचनेतले बदल जात नाहीत, म्हणून या काळात रचनेला कोणी हात लावायचा नाही. संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी भौतिक प्रत न्यावी असे कोणी सुचवेल. आरडीएस ती स्वीकारत नाही. स्वतःच्या क्लाउड मशीनवर न्यायची म्हटली तरी उबंटू १८.०४ मध्ये जी-लिबसी (प्रणालीची मूळ लायब्ररी) २.२७ आहे आणि २.२८ मध्ये मजकुराचा क्रम लावण्याचे नियम बदलले, त्यामुळे नव्या प्रणालीवर मजकुरावरचे इंडेक्स काहीही न सांगता चुकीची उत्तरे देऊ शकतात. लॉजिकल मार्गात इंडेक्स नव्याने बांधले जात असल्याने हा प्रश्न येत नाही. तसेही पोस्टग्रेस १२ चा आधार नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला आहे, तेव्हा याच कामात आवृत्ती बदलून घेणे योग्य.

लाइन वापरताना कारखान्याच्या दैनंदिन कामाला धक्का लागता कामा नये, आणि याबाबत मी फार काटेकोर असतो. त्याच लाइनवरून तुमचे ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल निघतात. अपलोडने लाइन भरून टाकली आणि ई-वे बिल अडकले, तर मालाने भरलेली गाडी गेटवर उभी राहते, समोरच्या कंपनीची डिलिव्हरीची वेळ चुकते, आणि संध्याकाळपर्यंत स्थलांतर बंद करण्याचा आदेश येतो. मर्यादा केवळ अपलोडच्या साधनात घालू नका; राउटरवरच या वाहतुकीला सर्वांत खालचा प्राधान्यक्रम द्या. दिवसा २० आणि रात्री ४० एमबीपीएस ही विभागणी बहुतेक ठिकाणी जमते, आणि तिची सरासरी वर धरलेल्या ३० च्या जवळच येते.

प्रत्यक्ष बदलाला सहा तास भरपूर आहेत. आदल्या दिवशी नव्या बाजूला ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवून ठेवा, नाहीतर आकडेवारीअभावी पहिल्याच सकाळी क्वेरी रेंगाळतील. ठरल्या वेळी ॲप्लिकेशन बंद करा, जुना डेटाबेस फक्त वाचनासाठी खुला ठेवा, प्रवाहात काहीही बाकी नाही हे स्थान जुळवून पाहा, सीक्वेन्स पुढे सरकवा, मोठ्या टेबलांची तारखांनुसार बेरीज आणि हॅश दोन्हीकडे ताडून पाहा, आणि मगच जोडणी बदला. पहिला व्यवहार होण्याआधी नव्याकडून जुन्याकडे उलटे रेप्लिकेशन सुरू करा आणि त्यासाठी जुन्यावर लिहिण्याचा अधिकार केवळ त्या एका प्रक्रियेलाच द्या. परत फिरण्याची वेळ आली तर नव्या बाजूला झालेले काम हातचे जात नाही.

तुम्ही विचारलेले नाही, पण माझ्या मते सर्वांत जास्त विचार करायला हवा अशी बाब म्हणजे स्थलांतरानंतर काय. ॲप्लिकेशन सर्व्हर चाकणलाच राहणार आणि डेटाबेस मुंबईला जाणार असेल, तर प्रत्येक क्वेरीला लाइनवरची फेरी आली. स्थानिक नेटवर्कवर ०.३ मिलिसेकंद लागत असतील आणि आता ४ लागले, तर एका पडद्यासाठी २,००० लहान क्वेरी करणारा जुना अहवाल ०.६ सेकंदाऐवजी ८ सेकंद घेईल. शॉप फ्लोअरवरचे स्कॅनरही असेच अडखळतील. तेव्हा ॲप्लिकेशन सर्व्हरही सोबत हलवा, किंवा असे पडदे आधी शोधून सुधारा. दुसरी लाइन दुसऱ्या पुरवठादाराकडून घ्या, आणि तिची फायबर पहिलीच्याच डक्टमधून येत नाही ना, याची जागेवर जाऊन खात्री करा. लाइन तुटली तरी उत्पादनाच्या नोंदी काही तास स्थानिक रांगेत साठून राहतील अशी व्यवस्थाही मी या खर्चात धरून मांडतो, आणि ती मंजूर होत नसेल तर स्थलांतर पुढे ढकलण्याचा सल्ला देतो.

उलटे रेप्लिकेशन एक पूर्ण महिनाअखेर आणि एक स्टॉक-टेकिंग नव्या बाजूला सुखरूप पार पडेपर्यंत चालू ठेवा. त्यानंतर दोन्हीकडचे स्लॉट आठवणीने काढून टाका, जुन्या सर्व्हरचा शेवटचा पूर्ण बॅकअप वेगळ्या जागी ठेवा आणि मगच ते मशीन बंद करा.